मुलाम्याच्या जुन्या तलवारीचा गंज कसा काढावा

घट बसले की माळ्यावरची तलवार उतरवायची आणि खंडे नवमीच्या आदल्या रात्री चिंचेने घासायची, ही आपल्याकडची रीत. सकाळी तलवार लख्ख दिसते. दिवाळीपर्यंत तिच्यावर काळे चट्टे उठतात आणि पुढच्या पावसाळ्यात मुलाम्याचे पोपडे सुटू लागतात. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, टूलरूमला (हत्यारे आणि साचे बनवतात तिथे) होतो, त्यामुळे ओळखीचे लोक अशा तलवारी माझ्याकडे आणतात, पण आणतात ते घासून झाल्यावर. गेल्या साली तर सख्ख्या भाच्यानेच हे केले. परसात घसघस आवाज आला म्हणून विचारले, "काय करुलास रे?" तर म्हणाला, "मामा, आजोबांची तलवार घासूलोय, उद्या पूजा आहे." हातात भांड्यांचा तारेचा काथ्या. मुठीजवळ चार बोटे जागेतले पिवळसर पांढरे निकेल जाऊन खालचे राखाडी पोलाद उघडे पडले होते. ते निकेल आता परत येत नाही.

पुढचा क्रम मुलामा दिलेल्या, म्हणजे आपण गिलिटाच्या म्हणतो त्या तलवारीसाठी आहे. टप्पे मागेपुढे करू नका. आधी एक गोष्ट मात्र समजून घ्यायला हवी.

## मुलाम्याखाली काय चाललेले असते

निकेलचा थर बहुधा १० ते २० मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. वर क्रोम असेल तर तो थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. काचकागदाने घासले की एवढा थर बघता बघता संपतो.

दुसरे असे की निकेल जस्तासारखे नसते. पत्र्यावरचे जस्त स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते. निकेल याच्या उलट वागते. ते शाबूत आहे तोवर पोलाद सुरक्षित, पण एकदा सुईच्या टोकाएवढे भोक पडले की त्या भोकातले पोलाद उघड्या पोलादापेक्षाही लवकर गंजते. वरून मोहरीएवढा तांबूस टिपका दिसत असतो आणि आत गंज आडवा पसरून मुलाम्याला खालून उचलत असतो. आपण टिपका घासतो, कडेचे चांगले निकेल झिजवतो आणि भोक मोठे करून ठेवतो. सगळा लेख या एका चुकीवर आहे.

## टप्पा १: वेळ आणि सामान

आषाढ-श्रावणात हे काम काढू नका. कणकुंबी, जांबोटी, खानापूर या बाजूला तेव्हा भिंतींनाही घाम फुटलेला असतो. तिथे साफ केलेले पोलाद रात्रीत पुन्हा तांबूस होते. निपाणी, चिकोडी, अथणीकडे हवा कोरडी, तिथे एवढी अडचण नाही. दसऱ्यानंतर ते होळीपर्यंतचे दिवस उत्तम. खंडे नवमीसाठीच करायचे असेल तर निदान तीन आठवडे आधी हात घाला.

सामान आधी जमवून ठेवा. अर्ध्यावर उठून काहीतरी शोधायला गेलात की हातात येईल ते वापरले जाते.

- पातळ शिलाई मशीनचे तेल, साधारण २०० मिली
- रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन
- जुन्या धोतराची किंवा सुती साडीची, पुष्कळदा धुतलेली फडकी, भरपूर
- कळकाच्या (बांबूच्या) काड्या, टोक छिन्नीसारखे तासलेल्या
- पितळेची पातळ पट्टी, कडा कानशीने गुळगुळीत केलेली
- चार शून्य नंबरची स्टील वूल (भांड्यांचा काथ्या नव्हे, ही हाताला कापसासारखी मऊ लागते)
- भिंग, मऊ दाढीचा ब्रश, रबरी हातमोजे
- वासाचे, पॉलिशचे काही न मिसळलेले घट्ट मेण, त्याबद्दल पुढे

तलवार टेबलावर नुसती ठेवू नका. चादरीच्या दोन जाड गुंडाळ्या करून त्यांवर आडवी ठेवा. देवघराजवळ बसू नका. टर्पेंटाइन आणि समई एका खोलीत नकोत.

सावध: फडके नेहमी पात्याच्या पाठीवरून घडी घालून धरा आणि मुठीकडून टोकाकडे न्या. चिमटीत धरून ओढाल तर धार बोथट दिसत असली तरी बोट कापते. वर्षानुवर्षे बोथट समजल्या गेलेल्या तलवारीनेच लोकांना टाके पडलेले मी पाहिले आहेत.

## टप्पा २: घराबाहेर नेण्याआधी

१९५९ च्या शस्त्र कायद्याखाली २०१६ साली जे नियम झाले, त्यांत तलवार, खंजीर, भाला ही शस्त्रे म्हणूनच मोजली आहेत. अशा इतर हत्यारांना पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असले की तोच नियम लागतो. घरच्या तलवारीबद्दल शंका असेल तर आपल्या ठाण्यात लेखी विचारून ठेवा. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला तर काम लवकर होते, हा साधा व्यवहार.

दुरुस्तीसाठी कोल्हापूरला न्यायची झाली तर निवडणुकीच्या दिवसांत नेऊ नका. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर गाडी उघडून बघतात आणि "आजोबांची आहे हो" हे तिथे चालत नाही. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आसपास बेळगावात जमावबंदी लागली तर तलवार घराबाहेर काढायचीच नाही, अगदी गल्लीतल्या शिकलगाराकडेही (हत्यारांना धार-पाणी करणाऱ्याकडेही).

१०० वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती परदेशी नेता येत नाही. मुलगा अमेरिकेच्या घरात लावतो म्हणाला तरी नाही.

## टप्पा ३: हातात नेमके काय आहे

इथे घाई होते. आपल्या भागात घरोघरी निघतात त्या तलवारी ढोबळपणे तीन जातीच्या.

पहिली देसाई, इनामदार, पाटील यांच्या वाड्यांतली जुनी तलवार. मुठीला खाली गोल चकती असते आणि पाते बहुधा बिनमुलाम्याचे. मुठीवर सोन्या-चांदीची कोफ्तगिरी (पोलादावर ठोकून बसवलेली तारेची नक्षी) किंवा मुलामा असू शकतो. मध्यंतरी कुणी हौसेने पात्यालाही गिलीट करून आणलेले असते, तेही घडते.

दुसरी लष्करी अधिकाऱ्याची तलवार. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचे गाव, त्यामुळे अशा तलवारी इथे निघणारच. पायदळाचा १८९७ चा नमुना असेल तर पाते सरळ आणि सुमारे साडेबत्तीस इंच. हात झाकणारी जाळी पोलादाची, वर निकेल. मूठ माशाच्या कातड्याची, तारेने गुंडाळलेली. पात्यावर नक्षी आणि अक्षरे आम्लाने कोरलेली असतात. ती फार उथळ असतात, हे लक्षात ठेवा.

तिसरी लग्नाची किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी बाजारातून आणलेली. पातळ पत्रा, वर चकचकीत क्रोम. ही चुकून बिघडली तरी नवी मिळते, म्हणून हात बसवायचा तर हिच्यावर बसवा.

मुलामा कोणता, हे दिवसाच्या उजेडात पाहा. निकेल किंचित पिवळसर, उबदार पांढरे दिसते. क्रोम निळसर आणि थंड. चांदी काळी पडते, गंजत नाही; चांदीच्या मुठीवरचा काळेपणा गंज समजून घासू नका. लोहचुंबकाने पात्याबद्दल काही कळत नाही, कारण खालचे पोलाद त्याला ओढतेच. मुठीला मात्र लावून बघा. चिकटला नाही तर मूठ बहुधा पितळेची.

मुलामा आहे की नाही हे गंजावरून कळते. सुटे टिपके, मध्ये चकाकी, आणि भिंगातून टिपक्याच्या कडेला पायरीसारखी उंची दिसली तर मुलामा आहे. सगळीकडे सारखा तपकिरी रंग असेल तर मुलामा बहुधा कधी नव्हताच. तो रंग काढायचाही नसतो.

इथे थांबा: कोफ्तगिरी, देवनागरी किंवा फारसी अक्षरे, किंवा पात्यात पाण्याच्या लाटांसारखे जौहर (पोलादातच असलेली नक्षी) दिसले तर पुढचे काही करू नका. तेलाचा हलका हात फिरवा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे स्वतंत्र केंद्र आहे. तिथे आधी फोटो पाठवून विचारता येते.

फोटो काढायचेच आहेत. खिडकीचा उजेड तिरपा पडेल असे धरून दोन्ही बाजूंचे वीतभराच्या टप्प्याने काढा. काम झाल्यावर "एवढे आधीपासूनच होते की मी केले?" हा प्रश्न पडतोच.

## टप्पा ४: म्यानातून काढणे

गंजलेली तलवार म्यानात अडकते. झटका मारू नका, म्यान आपटू नका, पाणी तर नकोच.

म्यान धरताना चारही बोटे आणि अंगठा पाठीच्या बाजूला ठेवा. जुन्या म्यानाची शिवण धारेच्या बाजूला उकललेली असते. पूर्ण मुठीत आवळून ओढले की पाते शिवणीतून बाहेर येते आणि थेट तळहातात जाते.

लाकडी म्यान असेल तर कोरड्या खोलीत आठवडाभर पडू द्या. लाकूड आकसते आणि पाते पुष्कळदा आपोआप सैल होते. धातूचे म्यान असेल तर तलवार मूठ वर करून उभी ठेवा, तोंडाशी पातळ तेलाचे आठ-दहा थेंब सोडा आणि रात्रभर तशीच राहू द्या. चामड्याच्या म्यानात तेल सोडायचे नाही.

## टप्पा ५: मळ, कुंकू, जुने तेल

गंजाला हात लावण्याआधी वरचा थर काढायचा. कोरड्या ब्रशने धूळ झाडा. मग फडक्याला थोडे टर्पेंटाइन लावून पाते पुसा. पिढ्यान्पिढ्या लावलेले तेल पिवळ्या वार्निशसारखे घट्ट झालेले असते आणि पुष्कळांना तोच गंज वाटतो. भाच्याच्या तलवारीची दुसरी बाजू, जिला अजून काथ्या लागला नव्हता, ती नुसत्या टर्पेंटाइनने अर्ध्याहून जास्त निवळली.

टर्पेंटाइन पात्यालाच. मुठीकडे ते जाऊ देऊ नका, आणि मुठीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर तर अजिबात नको. आपल्या जुन्या तलवारींत पाते मुठीत लाखेने बसवलेले असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि ७० अंशांच्या आसपास मऊ होते. म्हणूनच गरम पाण्यात बुडवणे, चुलीजवळ वाळवणे, ड्रायर मारणे हे सगळे वर्ज्य. मूठ एकदा डुगडुगू लागली की तलवार हातातून सुटून कुणाच्या तरी पायावर पडेपर्यंत ते लक्षात येत नाही.

तपासा: पांढरे फडके शेवटी पिवळे-तपकिरी न होता जवळजवळ स्वच्छ निघाले पाहिजे. तसे होईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: भिंग घेऊन गंजाची वाटणी

आता जे उरले तो खरा गंज. तो तीन प्रकारचा असतो आणि तिघांना एकच उपाय लागत नाही.

पहिला नुसता डाग. जवळच्या भोकातून गंजाचे पाणी ओघळून मुलाम्यावर वाळलेले असते. खालचा मुलामा चांगला असतो. नखाने हळूच ओरखडा, नख अडकत नाही.

दुसरा टिपका. नखाला खडबडीत लागतो, भिंगात छोटा डोंगर दिसतो. खाली भोक आहे.

तिसरा फोड. मुलामा फुगलेला, दाबला तर किंचित लवतो, कडेला तडा. आत पोकळी आणि गंजाची पूड.

कागदावर पात्याचा आकार काढून तिन्ही खुणा मांडा. पाच मिनिटांचे काम आहे. बहुतेक लोक ते करत नाहीत आणि मग फोडावर स्टील वूल फिरवतात.

## टप्पा ७: तेलात मुरवणे

सुती चिंध्या पातळ तेलात भिजवून फक्त गंजाच्या जागांवर ठेवा, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळा. २४ तास. जास्त जुना गंज असेल तर तीन दिवस, रोज चिंधी बदलून. तेल गंजाला विरघळवत नाही, त्याची पकड सैल करते, एवढेच. पण पुढची अर्धी मेहनत त्याने वाचते.

चिंधी उचलल्यावर पुसा. पहिल्या प्रकारचे डाग बरेचसे इथेच निघून गेलेले असतात. त्यांच्यावर आता आणखी काही करायचे नाही.

## टप्पा ८: कळक, पितळ, मग स्टील वूल

नियम एकच: मुलाम्यापेक्षा मऊ वस्तूने सुरुवात करायची आणि काम होत नसेल तेवढीच पायरी वर चढायची.

आधी कळकाची काडी. टिपक्यावर तेलाचा थेंब ठेवा आणि काडीच्या चपट्या टोकाने टिपक्याच्या मध्यावर दाबून खरडा. कडेला जाऊ नका. काडी झिजली की तासा. एका टिपक्याला दहा-पंधरा मिनिटेही लागतात, त्यात नवल नाही.

काडीने हलत नसेल तर पितळेची पट्टी. पितळ निकेलपेक्षा मऊ, पण गंजाची खपली ते तोडते. पट्टी जवळजवळ आडवी धरा. उभी धरली तर ओरखडा जातो. पितळेची पिवळी रेघ मुलाम्यावर उमटली तर घाबरू नका, ती नंतर तेलाच्या फडक्याने पुसली जाते.

तरीही डोंगर उरला तर चार शून्याची स्टील वूल, तीही वाटाण्याएवढा गोळा करून, भरपूर तेलात, फक्त त्या टिपक्यावर. हात पात्याच्या लांबीत न्यायचा, गोल फिरवायचा नाही. गोल फिरवलेले ओरखडे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. वीस हात झाले की पुसा आणि भिंगातून बघा.

तपासा: तेल तांबूस-तपकिरी येत असेल तर गंज निघतो आहे. तेल राखाडी, चंदेरी झाले की धातू निघतो आहे. त्याच क्षणी थांबा. डाग उरला असला तरी थांबा.

हे थांबणेच लोकांना जमत नाही. टिपका निघाल्यावर तिथे काळसर खड्डा राहणारच. ते पोलाद गंजात गेले, ते कुठल्याही घासण्याने भरून येत नाही. काळा, कोरडा, घट्ट खड्डा हा चांगला शेवट आहे. तांबूस आणि बोटाला पूड लागणारा खड्डा असेल तरच पुन्हा तेल आणि काडी.

फोडांना हात लावायचा नाही. सुईने फोडून आतले साफ करू असे वाटते, पण फोडले की मुलाम्याचा तेवढा तुकडा गेलाच. कडेच्या तड्यातून तेलाचा थेंब आत जाऊ द्या, वरचे पुसा, सोडून द्या. पोपडा आपोआप सुटून पडला तर पडू द्या, मग खालची जागा काडीने साफ करा.

बाजारच्या क्रोमच्या तलवारीला सोपा उपाय आहे. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून, तेलात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असल्याने क्रोम टिकते आणि वरचा गंज निघतो. जुन्या निकेलवर हा प्रयोग करू नका, त्याची चमक मंदावते.

## यातले काही वापरू नका

चिंच, लिंबू, व्हिनेगर, ताक, कोल्ड्रिंक: सगळी आम्ले. वरचा गंज खातात खरी, पण भोकातून मुलाम्याखाली शिरतात, तिथून धुऊन निघत नाहीत आणि आतून पोलाद काळे करतात. तांब्या-पितळेची पावडर तांब्या-पितळेलाच ठेवा.

संडास साफ करायचे ॲसिड सगळ्यात वाईट. त्यातले क्लोराइड खड्ड्यांत बसून राहते आणि पहिल्या पावसाची दमट हवा लागली की त्या जागेवर तांबूस थेंब फुटतात. असे थेंब दिसले तर पूर्वी कुणीतरी ॲसिड लावलेले असू शकते.

गंजाला काळे करणारे तयार द्रावण गेटाला ठीक. तलवारीवर त्याने कायमचे डाग पडतात. बॅटरीचा चार्जर आणि सोड्याचे पाणी लावून गंज काढण्याची युक्ती मुलामा नसलेल्या औताच्या फाळाला चालते. मुलाम्याच्या वस्तूवर तीच क्रिया सैल मुलामा उचकटून टाकते.

## टप्पा ९: मूठ

मुठीला कमीत कमी करायचे. निकेलच्या जाळीला वरचीच रीत, पण स्टील वूलपर्यंत जाऊ नका. चांदीचा मुलामा असेल तर खडूची अगदी बारीक पूड, पाण्याचा एखादा थेंब, बोटाला गुंडाळलेले सुती फडके, आणि उंच भागांवरच. खोबणीतला काळेपणा राहू द्या. नक्षी त्यानेच उठून दिसते. टूथपेस्टने चांदीचा पातळ मुलामा दोन-तीन दसऱ्यांत साफ जातो. सोन्याच्या मुलाम्याला कोरडे मऊ फडके, आणखी काही नाही.

माशाचे कातडे, मखमल, तार यांना तेल लावू नका. तारेच्या फटीत हिरवे दिसले तर कोरड्या कळकाच्या काडीने.

मूठ हलत असेल तर फेविक्विक, एम-सील यांपैकी काहीही ओतू नका. लाख पुन्हा भरता येते, पण हे काम जाणत्या शिकलगाराचे. त्याच्याकडे देताना तोंडाने स्पष्ट सांगा: "मूठ बसवा, पात्याला हात लावू नका, धार काढू नका." नाही सांगितले तर तो प्रेमाने सगळी तलवार दगडावर घासून देतो.

## टप्पा १०: कोरडे करून आठवडाभर पाहणे

टर्पेंटाइनच्या फडक्याने पात्यावरचे तेल आणि गंजाची पूड पुसून काढा, दोनदा. मग सावलीत, वाऱ्यावर तासभर.

आता लगेच मेण लावायचा मोह होतो. लावू नका. तलवार कोरड्या खोलीत उघडी ठेवा आणि सात दिवस रोज सकाळी भिंगातून बघा. हातमोजे घालून. बोटांच्या घामातले मीठ पुरेसे असते. दोन दिवसांनी पात्यावर अंगठ्याचा ठसा तांबूस उमटलेला मी स्वतःच्याच हाताने करून बसलो आहे.

तपासा: सात दिवसांत कुठे नारिंगी धूळ आली तर ती जागा पुन्हा टप्पा ७ पासून. नाही आली तर पुढे.

## टप्पा ११: मेण की तेल

भिंतीवर किंवा देवघरात राहणार असेल तर मेण. पेटीत राहणार असेल तर तेल. दोन्ही एकावर एक नको, तेलावर मेण धरत नाही.

मेण घेताना गाडी चमकवायचे नको, त्यात पुष्कळदा घासणारी पूड असते. संग्रहालयात वापरतात ते सूक्ष्म स्फटिकांचे खनिज मेण (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) मिळाले तर उत्तम. ज्वारीच्या दाण्याएवढे फडक्यावर घेऊन वीतभर जागेत पातळ पसरा, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने चोळा. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात. जाड थर लावला की धूळ बसते आणि पांढरे डाग दिसतात. खड्ड्यांत मात्र काडीने मेण भरा, गंजाची सुरुवात तिथूनच होते.

तेल म्हणजे मशीनचे. खोबरेल, शेंगतेल, तूप नाही. ही तेले हवेने चिकट आणि आंबट होतात. खोबरेल तर २४ अंशांच्या खाली थिजते, आणि बेळगावात मार्गशीर्षातल्या सकाळी पात्यावर त्याचे पांढरे ठिपके दिसतात. खाली पोलाद उघडेच राहते.

## पुन्हा मुलामा द्यावा का

बाजारची तलवार असेल तर खुशाल द्या. जुनी असेल तर माझे मत नाही असे आहे, आणि त्याची कारणे कारखान्यातली आहेत. प्लेटिंगवाला आधी जुना मुलामा आम्लात उतरवतो. मग गंजाचे खड्डे बुजावेत म्हणून पात्यावर बफ (घासून चमकवायचे चाक) मारतो, म्हणजे खड्ड्याच्या तळापर्यंत सगळे पोलाद खाली नेतो. त्यात कोरलेली अक्षरे जातात, नाळीच्या (पात्यातल्या लांब खोबणीच्या) कडा गोल होतात. त्यानंतर निकेलची टाकी ५०-६० अंशांवर असते. लाख तिथे मऊ व्हायच्या बेतात येते आणि मुठीच्या आत शिरलेले द्रावण वर्षभर आतून गंजवत राहते. एका ओळखीच्यांनी आजोबांची अधिकाऱ्याची तलवार अशीच हौसेने देऊन आणली. आरशासारखी झाली होती. पात्यावरचे पलटणीचे चिन्ह मात्र कुठे होते ते फोटो काढून ठेवला नव्हता म्हणून सांगताही येईना.

## टप्पा १२: ठेवण आणि पूजेचा दिवस

तलवार म्यानात ठेवू नका. चामडे, लाकूड, मखमल पाणी धरून ठेवतात, आणि कमावलेल्या चामड्यातले आम्ल मुलाम्याला लागते. धुतलेल्या सुती कापडात तलवार वेगळी, म्यान शेजारी वेगळे. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची १०० ग्रॅमची पुडी टाका, रंग बदलला की आतले दाणे कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरा. वर्तमानपत्र आणि घट्ट बांधलेली प्लास्टिकची पिशवी नको. भिंतीवर लावायची तर पश्चिमेची, पाऊस झोडपणारी भिंत सोडून.

तेल लावलेली तलवार पावसाळ्यात दर महिन्याला, एरवी तीन महिन्यांनी पुसून पुन्हा तेल. मेण लावलेली वर्षातून एकदा.

पूजेचे म्हणाल तर हळद-कुंकू पात्यावर लावण्याऐवजी म्यानावर किंवा पात्याला बांधलेल्या फडक्यावर लावा. दूध-पाण्याचा अभिषेक ताम्हनातल्या सुपारीवर होऊ द्या. टोकाला लिंबू खोचायची रीत असेल तर ते तलवारीपुढे ठेवा. टोकाकडे मुलामा सगळ्यात पातळ झिजलेला असतो आणि रात्रभर लिंबाचा रस तिथेच मुरतो. झेंडूची ओली माळ पात्याला टेकू देऊ नका. आमच्या घरी सासूबाईंना हे पटायला तीन दसरे लागले.

सोने वाटून परत आलात की निजण्याआधी हातमोजे घाला, माळ उतरवा, कोरड्या फडक्याने पाते मुठीपासून टोकापर्यंत पुसा आणि टोकाला तेवढा मेणाचा, तलवार तेलाची असेल तर तेलाचा, एक हात द्या.